टर्कीचा नर कोंबड्याच्या जिवावर उठलाय, काय करू?

गोराईकरीण: घरामागे आठ गावठी कोंबड्या, एक कोंबडा, तीन बदकं आणि टर्कीची जोडी आहे. गेल्या वर्षी टर्कीची अंडी मीच खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. बिचारी 21 दिवसांवर उठली नाही, पूर्ण 28 दिवस बसली. तिच्याच पंखाखाली ही दोघं वाढली, कधी भांडण नाही. होळी जवळ आली तसा नर पार बदलला. पिसारा फुलवून पंख जमिनीला घासत फिरतो, तोंड निळं-लाल होतं, चोचीवरची सोंड लांब लोंबते. परवा सकाळी कोंबड्याला खुराड्याच्या कोपऱ्यात दाबून त्याचं डोकंच चोचीत धरलं. केरसुणी घेऊन धावले तेव्हा सोडलं. तुरा फाटलाय, एक डोळा उघडत नाही. हळद लावून डालग्याखाली ठेवलाय. काल टर्कीचा नर बदकीवर चढला, ती लंगडतेय. घरचे म्हणतात कापून टाक. मला नाही कापायचा, माझ्या हातातून दाणे खात मोठा झालाय तो.

मनोरीचा वाडीवाला: ताई, कापू नका. दिवस मोठे व्हायला लागले की नराचं डोकं असंच फिरतं. माझ्याकडे दर वर्षी फेब्रुवारीपासून हेच चालतं, पावसाळ्यात ओसरतं. वेगळं करायचं ते कोंबड्याला नाही, टर्कीला. त्याच्या मादीसकट दुसऱ्या बाजूला घाला, मध्ये जाळी. जाळीच्या खालच्या दोन-अडीच फुटांना गोणपाट बांधा. समोर कोंबडा दिसत राहिला तर तो दिवसभर जाळीवर धडका देतो, माझ्या नराने छाती सोलून घेतली होती. बदकीला तर त्याच्याजवळ अजिबात सोडू नका. एवढं वजन पाठीवर आलं की तिची कंबर मोडते. कोंबड्याची जखम पूर्ण सुकेपर्यंत त्यालाही बाहेर काढू नका. रक्त दिसलं की त्याच्याच कोंबड्या टोचायला लागतात.

आरे पाडा: वाडीवाल्यांचं बरोबर आहे, पण ती जाळी पावसाळ्यातही काढू नका. मारामारी थांबेल, खरा धोका जंतांचा आहे. कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग होतो. कोंबडी ठणठणीत दिसते, टर्की मात्र मान टाकते. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळांतही असतात आणि पावसात गांडुळं वर आली की टर्की ती वेचून खाते. मी एका जुलैमध्ये चार टर्की घालवल्या. पहिल्या दिवशी गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली, मला वाटलं खाद्य बाधलं. तिसऱ्या दिवशी पंख लोंबकळले. जिथे कोंबड्या फिरल्या त्या जमिनीवर टर्की नकोच. त्यांना उंच, कोरडी, वेगळी जागा द्या. कोंबड्यांना जंताचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. गोरेगावला किंवा परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विष्ठा तपासायला नेता येईल. कोंबड्याचा डोळाही दाखवा, हळदीवर थांबू नका.

गोराईकरीण: दादा, पिवळ्या विष्ठेचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज विहिरीकडच्या ओट्यावर जाळी ठोकली. तिथे कोंबड्या कधी जात नाहीत, खाली फरशी आहे. जोडी तिकडे नेली. नर संध्याकाळपर्यंत गोणपाटाजवळ गुरगुरत होता, मग मादीशेजारी बसला. कोंबड्याला उद्या सकाळच्या बोटीने घेऊन जाते. आज डालग्याखालून एकदा आरवला.

मनोरीचा वाडीवाला: आरवला म्हणजे जगेल. डोळ्याचं काय म्हणाले ते नक्की कळवा, ताई.