फर्नेसचे कोणते सुटे भाग घरात ठेवावेत?

गेल्या हिवाळ्यात शनिवारी रात्री घर गरम ठेवणारी आमची गॅस फर्नेस बंद पडली. गॅस पेटवणारा इग्नायटर तडकला होता. तंत्रज्ञ लगेच आला, पण तो भाग त्याच्याकडे नव्हता. सोमवारपर्यंत सासूबाईंना दोन-दोन रजयांत बसवून ठेवलं. यंदा थंडीआधीच तयारी करायची आहे. काय घेऊन ठेवू?

प्रतिसाद
आधी फर्नेसचं दार काढून आतल्या पट्टीवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढा. भाग त्यावरूनच घ्यायचा, दिसायला सारखा आहे म्हणून नव्हे.

पहिला मान इग्नायटरचाच. सिलिकॉन कार्बाइडचा असेल तर काचेच्या बांगडीसारखा जपा. तापणाऱ्या भागाला बोट लावू नका, हाताचा तेलकटपणा त्याला मारक. तुमच्या मॉडेलला चालत असेल तर सिलिकॉन नायट्राइडचा घ्या, तो जास्त चिवट असतो.

बर्नर पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर ज्योत पेटली की नाही ते ओळखणाऱ्या फ्लेम सेन्सरवर थर बसलेला असण्याची शक्यता मोठी. वीज आणि गॅस बंद करा, सेन्सर काढा, बारीक स्टील वूलने हलकेच घासा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. तरी एक नवा असू द्या, लहानसा तर असतो.

प्रतिसाद
फर्नेस चालवणाऱ्या सर्किटच्या, म्हणजे कंट्रोल बोर्डावरचा फ्यूज विसरू नका! बहुतेक ३ किंवा ५ अँपिअरचा, गाडीत असतो तसाच. जुना जेवढ्याचा तेवढ्याचाच लावा. पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅटची वायर कुठे सोलली आहे का ते बघा, मोठा फ्यूज घालू नका.

फिल्टर आणि थर्मोस्टॅटचे सेल तर हवेतच. सतत पायलट, म्हणजे पेटवायची छोटी ज्योत, जळणारी जुनी फर्नेस असेल त्यांनी ती ज्योत ओळखणारं थर्मोकपल ठेवावं.

धागाकर्ती
आणि ब्लोअरचा, म्हणजे गरम हवा घरात ढकलणाऱ्या पंख्याचा, कपॅसिटर?

प्रतिसाद
घेऊन ठेवा. जुन्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड (क्षमतेचा आकडा) तेवढेच हवेत, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालतं. बसवायला मात्र तंत्रज्ञालाच सांगा. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो आणि झटका जबर बसतो. गॅस व्हॉल्व्हला तर हातच लावू नका. कंट्रोल बोर्ड महाग, शिवाय दोष भलत्याच ठिकाणी निघतो, म्हणून मी घेणार नाही. त्या पैशांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आधी तो आणा.

धागाकर्ती
अलार्म आहे, पण किती जुना ते बघते. फोटो काढला, इग्नायटर आणि फ्यूज आजच मागवते. सर्व्हिसिंगला तंत्रज्ञ आला की इग्नायटर कसा बदलायचा ते त्याच्याकडून समोर बसून बघून घेईन.