अण्णांना गोठवायचंय. परत उठतील का?

गिरगावकर:
आमचे अण्णा, वय ७८, जन्म ठाकूरद्वारच्या चाळीत गेला. परवा जेवताना जाहीर केलं, ‘मेल्यावर मला चंदनवाडीच्या स्मशानात नेऊ नका, अमेरिकेत गोठवा.’ पुढे कधी जिवंत करता येईल या आशेवर देह गोठवून ठेवणारी अ‍ॅरिझोनातली संस्था अल्कोर, तिचे दरही काढून ठेवलेत. अख्खा देह दोन लाख डॉलरच्या वर, नुसतं डोकं त्याहून बरंच स्वस्त. आई म्हणते, डोकंच ठेवा, जीभ सोबत जाईलच. थट्टा सोडा, शक्यता खरंच किती?

लॅबवाली:
दादरच्या आयव्हीएफ लॅबमध्ये १४ वर्षं भ्रूण गोठवतेय. सकाळी आल्या आल्या टाकीत पट्टी घालून द्रव नायट्रोजन किती उरलाय ते बघायचं, मग चहा. उणे १९६ अंशांत पाच वर्षं राहिलेल्या भ्रूणाचं पोर आता शाळेत जातं, पेढे खाल्लेत मी त्याचे. म्हणून अण्णांना हसणार नाही.

पण पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशी, डोळ्याला जेमतेम ठिपका. काढताना तो क्षणात गरम करावा लागतो, रेंगाळलात तर आत बर्फाचे स्फटिक होतात, पेशी गेली. अण्णांचा मेंदू सव्वा-दीड किलोचा! आतबाहेर एकदम कसा गरम करणार? बर्फ होऊ नये म्हणून रक्ताच्या जागी भरतात ते द्रावणही विषारी, आणि एवढ्या थंडीत काचेसारखे तडे जातात ते वेगळंच. २०२३ मध्ये मिनेसोटात उंदरांची मूत्रपिंडं १०० दिवसांपर्यंत गोठवून, चुंबकीय नॅनोकणांनी गरम करून परत बसवली, ती चालली. मोठीच गोष्ट, पण मूत्रपिंडाला काही आठवायचं नसतं. पहिला गोठवलेला माणूस, जेम्स बेडफर्ड, जानेवारी १९६७ पासून तसाच आहे. माझ्या मते अण्णांसाठी शक्यता जवळजवळ शून्य. शिवाय प्राण गेल्यावर मेंदू मिनिटांत बिघडायला लागतो. इथे मृत्यूचा दाखला हातात येऊन सहारच्या विमानतळावर पोचेपर्यंत किती तास, तुम्हीच मोजा.

वर्सोव्याची:
मासळीवालीला विचारा. फ्रीझरमधली सुरमई सुटली की पाणी सोडते, बोट दाबलं की कळतं. ती पोहत नाही परत.

लॅबवाली:
आणि टाकी भरत राहायला पैसा लागतो. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला असेच गोठवलेले देह ठेवले होते, १९७० च्या दशकात पैसा संपला, देह वितळून कुजले.

गिरगावकर:
सगळं वाचून दाखवलं. उंदरांपर्यंत अण्णा खुशीत होते. चॅट्सवर्थला गप्प झाले. २० वर्षं चाळीचे चिटणीस होते, थकबाकीची वही अजून त्यांच्याच कपाटात आहे. आत्ता ती काढून बसलेत.