‘प्रजा’ म्हणजे रयत की कूळ?

ओवीवेडी: रतिराम दास यांच्या ‘जागेर गान’ या उत्तर बंगालमधील रंगपूरच्या कथाकाव्यातील काही भाग मी मराठीत आणते आहे. इजारदार, म्हणजे सारावसुलीचा मक्ता घेतलेल्या, देवीसिंगाच्या जुलमाविरुद्ध १७८३ साली शेतकरी उठले, त्याची ही हकीकत आहे. चहूकडून ‘प्रजा’ रंगपुरात आली आणि भद्र मंडळी मात्र नुसती ‘मजा’ पाहायला आली, असे त्यात एक यमक आहे. मी ‘रयत’ लिहिले, तेव्हा यमक गेले आणि आमच्या मंडळातील एका ज्येष्ठांनी ‘कूळ’ हाच शब्द हवा असा आग्रह धरला.

मोडीवाचक: अर्थ त्यांनी बरोबर धरला आहे. बंगालीत प्रजा राजाची असते तशी जमीनदाराचीही असते. १८८५ च्या कूळविषयक कायद्याला तिकडे ‘प्रजास्वत्व आइन’ म्हणतात. परंतु माझे आजोबा कोकणात खोताचे कूळ होते आणि आमच्या घरी हा शब्द आवाज उतरवूनच उच्चारला जाई. ‘कुळे चालून आली’ असे वाचून मला तो जमाव दिसत नाही.

शब्दनिष्ठ: ‘प्रजा’च ठेवावा. आपल्या भाषेतला शब्द असताना अरबी ‘रयत’ कशाला?

मोडीवाचक: मग त्याच यमकातील फारसी ‘मजा’चे काय करणार? शिवकालीन पत्रांत रयत आहे. तिला परकी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चावडी: माझे लक्ष दुसऱ्याच यमकाकडे गेले. ‘देवीसिंग’शी कवीने ‘ढिंग’ जुळवला आहे, आणि रंगपुरात ढिंग म्हणजे बंड. आपला ‘धिंगाणा’ याच घरातला असावा, असे मला मनापासून वाटते.

शब्दनिष्ठ: नुसत्या नादसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. शिवाय ‘धिंगाणा’ म्हटले, तर उपाशी माणसांचा उठाव पोरखेळ वाटेल. ‘उठाव’ हाच शब्द योग्य आहे.

चावडी: ‘उठाव’ पाठ्यपुस्तकातला वाटतो. आमच्या गावी आजही ‘बंड केलं’ असेच म्हणतात आणि त्यात कमीपणा नसतो.

ओवीवेडी: ‘प्रजा’ ठेवते, पण त्यातून जमीनदाराचे नाते वाचकाला कसे कळावे, हे अजून सुटलेले नाही. इतिहासात आणखी एक शब्द भेटला: नूरुलदीन या पुढाऱ्याने बंडासाठी जी वर्गणी बसवली, तिला ‘ढिंग-खर्चा’ म्हणत. तिला ‘बंडपट्टी’ म्हणावे का?

शब्दनिष्ठ: पट्टी सरकार बसवते, बंडखोर फार तर वर्गणी गोळा करतात.

मोडीवाचक: शेतकऱ्यांनी नूरुलदीनला नवाब म्हणून जाहीर केले होते आणि त्याने दिवाणही नेमला होता. देवीसिंगाला सारा देऊ नका, असा त्याचा हुकूम सुटला, तेव्हा त्या लोकांच्या लेखी सरकार तोच होता. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या खर्चासाठी बसवलेली सिंहासनपट्टी चालते, तर बंडपट्टीही चालावी.