रोमनकालीन खेडं खणताना वरची माती पोकलेनने काढावी का?

सेक्शनवाला

व्हीलर पद्धतीत, म्हणजे जागा चौकटींत वाटून मधे न खोदलेल्या मातीच्या भिंती (बाल्क) ठेवण्याच्या पद्धतीत, शिकलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या रोमनकालीन शेतवस्तीचं उत्खनन दाखवलं की आक्षेप ठरलेला असतो: बाल्क कुठेच नाहीत, आणि पोकलेनने दोन-तीन एकर माती सरसकट खरवडून टाकली आहे. ही नासधूस आहे असं म्हणणारे बरेच भेटतात. माझ्या मते तिथल्या खेड्यांसाठी हीच पद्धत बरोबर आहे. चौकटींचा हट्ट तिथे नडतो.

तेर किंवा नेवासे म्हणजे पांढरीचं टेकाड. घरांवर घरं, थरावर थर. तिथे उभा छेद घेतल्याशिवाय कालक्रम लागतच नाही. केंब्रिजशरच्या चिकणमातीवर किंवा टेम्सच्या वरच्या खोऱ्यातल्या खडीवर वसलेल्या वस्तीला टेकाडच नसतं. शतकानुशतकं नांगर फिरल्याने घरांतल्या जमिनी, चुली, अंगणं, सगळं ३०-४० सेंमीच्या नांगरटीत कालवलं गेलेलं. उरतं ते कोऱ्या, म्हणजे खालच्या मूळ नैसर्गिक मातीत खोदलेलं: कुंपणाचे चर, खांबांचे खड्डे, विहिरी, धान्य वाळवायच्या भट्ट्या. गोल घराची खूण म्हणजे बहुतेकदा छपराचं पाणी झेलणारी एक गोल चारी. व्यास ८ ते १२ मीटर, खोली कधीकधी जेमतेम १५ सेंमी. ५ मीटरच्या चौकटीत तिचा एक वाकडा तुकडा सापडेल, बाकीची बाल्कखाली. तो तुकडा घराचा की गोठ्याचा की कुंपणाचा, हे कोण आणि कसं सांगणार?

पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने ही चौकट १९३४ ते १९३७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या मेडन कॅसल या टेकडी-किल्ल्यावर वापरली, मग १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला. दोन्हीकडे खाली उतरायला थर होते. नांगरलेल्या शेतवस्तीत उतरायचं कुठे?

खापरतुकडा

नांगरटीची माती म्हणजे कचरा, हे तुमचं गृहीतक आहे आणि तिथेच माझा विरोध आहे.

चौथ्या शतकातली बरीच ग्रामीण घरं जमिनीत खांब पुरून बांधलेली नव्हती. जमिनीवर आडवी तुळई ठेवायची किंवा दगडांची बैठक करायची आणि त्यावर भिंत उभी करायची. असं घर कोऱ्या मातीत काहीच खूण ठेवत नाही. त्याचा पुरावा उरला असेल तर तो नांगरटीतच: छपराची कौलं, खिळे, चपलांच्या तळव्यांचे लोखंडी खिळे, चौथ्या शतकातली ब्राँझची बारीक नाणी, शेवटच्या पिढ्यांची खापरं. ते डंपरमध्ये भरून ढिगाऱ्यावर टाकायचं आणि अहवालात लिहायचं की 'वस्ती तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ओस पडली'. ओस वस्ती पडली की बकेटने पाडली?

आणि मोकळं, बाल्कविरहित उत्खनन म्हणजे मशीन असं कुणी सांगितलं? पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्करने १९६६ पासून इंग्लंडमधल्या रॉक्सिटरला हमामखान्याच्या बॅसिलिकेवर (मोठ्या दालनाच्या जागी) मोठं क्षेत्र एकसंध उघडलं, पण हाताने. ढिगाऱ्यासारख्या दिसणाऱ्या दगडगोट्यांच्या सपाट पट्ट्यांत त्याला लाकडी इमारतींच्या बैठका दिसल्या. पोकलेनचा एक फेरा फिरला असता तर त्यातलं काही उरलं नसतं.

चरखणक

रॉक्सिटर हे नगर. मध्ययुगात ओसाड राहिलेलं. तिथला पुरावा खेड्याला लावू नका. शिवाय त्या लाकडी इमारतींपैकी कितपत खऱ्या, यावरही पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत.

मशीनबद्दल बोलायचं तर दोष पद्धतीत कमी आणि चालवण्यात जास्त. नीट काम असं होतं. ट्रॅकवर चालणारं पोकलेन, त्याला दात नसलेलं, सपाट धारेचं, साधारण १.८ ते २ मीटर रुंद बकेट. दात असले की पृष्ठभागावर समांतर रेघोट्या उठतात आणि त्यात खांबांचे खड्डे हरवतात. मशीन मागे मागे सरकत काम करतं, म्हणजे उघडलेल्या भागावर ट्रॅक चढत नाही. डंपरलाही तिथे मज्जाव. माती १० सेंमीच्या आसपासच्या पापुद्र्यांनी काढायची आणि बकेटसमोर एक जाणता माणूस सतत उभा पाहिजे. थांबायचं कुठे हे तो ठरवतो, ऑपरेटर नाही. वरची काळी माती आणि खालची माती यांचे ढीग वेगळे. दोन्हींवर मेटल डिटेक्टर फिरवायचा, आणि वस्तू कुठल्या पट्ट्यातून आली ते नोंदवायचं.

गडबड होते ती दोन ठिकाणी. पहिली, ५-१० सेंमी जास्त खोल जाणं. वर सांगितलेली १५ सेंमीची चारी घ्या: १० सेंमी जास्त गेलात की घराच्या जागी एक धूसर कंस उरतो, आणखी ५ गेलात की तोही नाही. दुसरी गडबड याहून वाईट: खोटी कोरी माती. उताराच्या पायथ्याशी वरून धुपून आलेली माती साचते, नदीकाठी पुराचा गाळ. दिसायला स्वच्छ, एकसारखी, पिवळसर. मशीन तिथे थांबतं, 'काही नाही' अशी नोंद होते आणि वस्ती त्या गाळाखाली अर्धा मीटरवर तशीच राहते. यावर उपाय एकच, ठरावीक अंतरावर खोल चाचणीखड्डा घेऊन खाली खरंच कोरी माती आहे का ते पाहणं. घाई असली की पहिल्यांदा यालाच कात्री लागते.

उघडल्याबरोबर नकाशा काढायला बसणं हाही अडाणीपणा. खडीवर एक पाऊस पडून जाऊ द्यावा, चर ओल धरतात आणि गडद दिसतात. चिकणमातीवर उलट हाल: उन्हात काही तासांत पृष्ठभाग पांढरा पडून तडकतो आणि खुणा गायब. मग पाणी फवारून पुन्हा खरवडा.

गाळणी

तुम्ही दोघं वरच्या मातीवर भांडताय. मला खालच्या टक्केवारीचा राग आहे.

१९९० मध्ये इंग्लंडमध्ये पीपीजी १६ हे नियोजन धोरण आलं आणि खोदकामाचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर पडला. कामं वाढली हे मान्य. रीडिंग विद्यापीठ आणि कॉट्सवोल्ड आर्किऑलॉजीने रोमन ब्रिटनच्या सुमारे २,५०० ग्रामीण वसाहतींचा आढावा घेतला, तो या कामांमुळेच शक्य झाला. व्हिला (श्रीमंतांचे ग्रामीण वाडे) थोडे आणि साध्या शेतवस्त्या अफाट, हे त्यातूनच ठसठशीत दिसलं. पण त्याबरोबर ठरावीक साचाही आला. सुरुवातीला जागेच्या २ ते ५ टक्के भागात लांबट चाचणीचर. नंतर सरसकट उघडणं. मग कुंपणाच्या चरांचे १० ते २० टक्के, खड्ड्यांचा अर्धा भाग, आणि दफनं तेवढी पूर्ण.

म्हणजे १०० मीटरच्या चरात १ मीटर रुंदीचे दहा छेद. आता हा चर तीनदा उपसून पुन्हा खणलेला असतो, पहिल्या शतकात एकदा, दुसऱ्यात एकदा, चौथ्यात एकदा. दहापैकी सहा छेदांत शेवटच्या उपशाने आधीचं सगळं खाल्लेलं. उरलेल्या चारांत मिळून वाटीभर खापरं, तीही बरीचशी जुनी, आधीच्या भरावातून वर आलेली. त्यावरून तारीख काढायची! चराच्या टोकांशी आणि दोन चर जिथे छेदतात तिथे १०० टक्के खणलं पाहिजे. कचरा आणि मुद्दाम ठेवलेल्या वस्तू टोकांशीच जास्त सापडतात, आणि आधी कोण नंतर कोण हे फक्त छेदनबिंदूवरच ठरतं. समान अंतरावर फूटपट्टीने छेद पाडणाऱ्याला हे सांगून पाहा.

खापरतुकडा

गाळणीशी सहमत. पण नमुन्याचं तत्त्व तुम्हाला चरांसाठी पटतं तर नांगरटीसाठी का नको? मशीन येण्याआधी १ मीटर बाय १ मीटरचे खड्डे ठरावीक अंतरावर हाताने घ्या, सगळी माती १० मिमीच्या चाळणीतून काढा. खापरं आणि कौलं कुठे दाटतात याचा नकाशा तयार होतो. आधी शेतात रांगेने चालून वर पडलेल्या खापरांची वेचणी केली असेल तर आणखी चांगलं.

सेक्शनवाला

वेचणीवर किती भार टाकायचा हे इटलीत टस्कनीतल्या चिनिजानोला नीट तपासलं गेलंय. २००९ ते २०१४ या काळात तिथे रोमन शेतकऱ्यांचा शोध घेणारा प्रकल्प चालला. आधीच्या वेचणीत 'लहान घर' वाटलेल्या जागा त्यांनी खरोखर उघडून पाहिल्या. कोल्ले मास्सारीला घराऐवजी शेतातलं पाणी काढणारी मोरी निघाली. कासे नुओवेला शेतमाल पिळून प्रक्रिया करायची जागा. पृष्ठभागावर खापरं दाटली म्हणजे तिथे कुणी राहत होतं असं नाही. तीही माणसं मशीन वापरत होती, हे जाता जाता.

खापरतुकडा

म्हणजे वेचणीने 'इथे काही आहे' हे बरोबर सांगितलं, 'काय आहे' ते चुकलं. मग माझा मुद्दा तुम्ही खोडला कुठे? दाटी जिथे दिसते तिथे पोकलेन थांबवा, हाताने उतरा. इतर क्षेत्र खुशाल खरवडा. इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने आडवं उत्खनन करून शंभराहून जास्त घरं उलगडली, तीही कुदळ-थापीने.

चरखणक

इनामगावला घरांच्या जमिनी शाबूत होत्या. नांगरलेल्या १० हेक्टरवर शंभर चाळणी-खड्डे घेतले तरी तो ०.१ टक्का. डिटेक्टर प्रत्येक पापुद्र्यावर फिरवला तर नाणी आणि खिळे त्याहून जास्त मिळतात. खापरं मिळत नाहीत, तेवढं मान्य.

गाळणी

आणि बिया तर दोन्हींत मिळत नाहीत. म्हणून भट्टी लागली की तिथे टक्केवारी विसरा. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची भट्टी असेल तर जाळ करायचा खड्डा, धुराड्याचा सरळ भाग आणि आडव्या दोन्ही भुजा, प्रत्येकातून वेगळा ४० लिटर नमुना. एकाच पिशवीत भरला की संपलं. जाळाच्या खड्ड्यात स्पेल्ट गव्हाचं भूस निघतं, ते सरपण म्हणून जाळलेलं. भुजांत दाणे मिळतात, आणि त्यांना कोंब फुटलेले असले किंवा सुटे कोंब खूप असले तर तिथे नुसतं धान्य वाळवत नव्हते, बिअरसाठी माल्ट करत होते. नमुना पाण्यात ढवळल्यावर तरंगणारं ०.२५ मिमीच्या जाळीवर धरा. ०.५ वर धरलंत की कोंब आणि तणांच्या बारीक बिया नाल्यात.

सेक्शनवाला

४० लिटर प्रत्येक भागातून, हे ठीक. पण कंत्राटात नमुन्यांची संख्या आधीच ठरलेली असते. भट्ट्या तीन निघाल्या तर?

गाळणी

नमुने सगळे घ्यायचे. गाळायचे किती हे नंतर भांडता येतं. मातीची बादली कोठीत ठेवता येते, बुजवलेली भट्टी परत उघडता येत नाही. आणि दर भट्टीचा पहिला नमुना काम चालू असतानाच गाळा, म्हणजे दुसरीकडे आणखी किती घ्यायचे हे तिथेच ठरवता येतं.