‘व्यसन’, ‘विळखा’ आणि ‘-पायी’: इंटरनेटच्या बातम्यांतले शब्द

इंटरनेटच्या अतिवापराची बातमी आली की तीन शब्द हटकून येतात: व्यसन, विळखा, आहारी जाणे. त्यांच्यावर चर्चा व्हावी असं मनापासून वाटतं, कारण डॉक्टरांनी तपासायच्या आधी हे शब्दच निकाल देऊन मोकळे होतात.

आधी ‘व्यसन’. संस्कृतात याचा एक अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं आठवं अधिकरण राज्यावरच्या ‘व्यसनां’चं, म्हणजे आपत्तींचं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची १८ व्यसनं मोजली आहेत. त्यात शिकार, जुगार, मद्य आहेतच, पण दिवसा झोपणं आणि ‘वृथाट्या’, म्हणजे उगाच भटकणं, हेही आहे. (एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर बोट सरकवत राहण्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.) आजच्या मराठीत मात्र ‘व्यसन’ दारू-तंबाखूला चिकटलंय, ‘विद्याव्यसनी’सारखे एखाददुसरे शब्द तेवढे उरले. त्यामुळे ‘इंटरनेटचं व्यसन’ वाचलं की डोळ्यांपुढे बाटलीच येते. बाटलीत दारूच असते. फोनमध्ये अभ्यास असतो, नोकरी असते, जुगार असतो, दूरच्या मैत्रिणीशी गप्पाही असतात. मग व्यसन नेमकं कशाचं?

‘विळखा’ सापाचा. ‘तरुणाई मोबाइलच्या विळख्यात’ म्हटलं की मोबाइल हा प्राणी झाला आणि तरुणाई त्याचं भक्ष्य. आहारी जाण्यातही गिळलं जाण्याची छटा मला जाणवते. हाती धरणाऱ्याची इच्छा, कंटाळा, एकटेपणा, सगळं शब्दातून गळून पडतं.

पण सगळ्यात जास्त काम करतो तो ‘-पायी’. ‘मोबाइलच्या व्यसनापायी मुलाने घर सोडले’ असा मथळा समजा. खाली बातमीत असतं की परीक्षेत नापास झाला, वडील रागावले, फोन काढून घेतला, रात्री घरात भांडण झालं. चार गोष्टी घडल्या, मथळ्यात कारण एकच उरलं. ‘-मुळे’ निदान कोरडा आहे. ‘-पायी’त ठपका असतो: दारूपायी, पैशापायी, हट्टापायी. एवढासा प्रत्यय, पण मुलाच्या बाजूने बोलायला जागाच ठेवत नाही. मथळे लिहिणाऱ्यांनी निदान हा तरी जपून वापरावा.

गंमत नाही, खरोखर घडलंय: १९९५ साली आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने विकारांच्या अधिकृत व्याख्यांची नक्कल म्हणून ‘इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर’ची लक्षणं थट्टेने लिहिली, आणि लोकांनी ती आपल्याला लागू आहेत म्हणून गांभीर्याने घेतली. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हा विषय संशोधन म्हणून मांडला.

‘नाद’ या शब्दात मात्र निराळी सोय आहे. नाद लागतो आणि नाद सुटतोही. माझी आजी पुतणीला म्हणते, “नाद लागलाय, सुटेल.” त्या वाक्यात काळजी आहे, शिक्का नाही. चटक, वेड, खूळ यांतही माणूस परत येण्याची वाट उघडी असते.

प्रतिसाद: तुमचं ‘-पायी’बद्दलचं पटलं. पण मी समुपदेशन करते. ज्याची झोप, जेवण, नोकरी गेलीये त्याच्या घरच्यांना ‘नाद आहे’ म्हणून सांगितलं तर ते आणखी दोन वर्षं थांबतील. ‘व्यसन’ या शब्दामुळेच काही लोक मदत मागायला येतात.

माझं उत्तर: ताई, हे मी लक्षात घेतलं नव्हतं, तुमचं बरोबर आहे. सरसकट ‘नाद’ म्हणून चालणार नाही. तरी एक फरक राहतोच. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, सगळ्या इंटरनेटचा विकार नाही. तिथेही निव्वळ तास मोजून निदान होत नाही: खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सर्वसाधारणपणे १२ महिने चालणं. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला ‘व्यसन’ म्हणा, तुम्ही त्याला समोर बसवून पाहिलंय. बातमीदाराने मात्र ‘रोज आठ तास गेम खेळतो, शाळेत जाणं बंद झालंय’ एवढं लिहावं. आठ तास कशात गेले हे वाचकाला कळलं, तर शब्द तो स्वतः निवडेल.