कडा करपा की दुसरंच काही? पिवळ्या कॉलनीने डोकं फिरवलंय

प्रश्न: भंडाऱ्याकडच्या धानाची पानं आणलीत, टोकापासून कडेकडेने पिवळी पडत वाळलीत, कड नागमोडी. न्यूट्रिएंट अगारवर (जंतू वाढवायची जेली) टाकलं तर रात्रीतच पिवळ्या कॉलनी (जंतूंचे ठिपके) दिसल्या, मग कडा करपा आणणारा जिवाणू झँथोमोनास ओरायझीच ना हा?

उत्तर १: रात्रीतच? मग शंका घ्या. झँथोमोनास आळशी असतो हो, २८ अंशाला नीट कॉलनी दिसायला ३-४ दिवस लागतात, आणि पिवळा तर पँटोईआ नावाचा दुसरा जिवाणू पण असतो, आम्ही त्यात एक अख्खा महिना घालवलाय 😅

उत्तर २: आधी साधं बघा, ताजं पान कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभं धरा, कापल्या जागेतून दुधाळ धागा उतरला म्हणजे जिवाणूच. मग ३ टक्के केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंबात कॉलनी कालवा, काडीने उचललं की शेंबडासारखी तार निघाली म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह (झँथोमोनास ज्यात येतो तो जिवाणूंचा मोठा गट). पण हे पँटोईआलाही लागू, त्यामुळे पीसीआर (डीएनएवरून जंतू ओळखायची चाचणी) टाळता येत नाही.

उत्तर ३: आणि टीएन-१ च्या (या रोगाला लगेच बळी पडणारी भाताची जात) रोपांवर कात्री जंतूंच्या पाण्यात बुडवून टोकं छाटा, १४ दिवसांनी डागांची लांबी मोजा, त्यातून परत तोच जंतू काढा. ते केल्याशिवाय नाव देऊ नका.

प्रश्नकर्ता: धागा आला! प्लेट मात्र परत लावतो, आता चार दिवस हात लावत नाही.