जास्तीचा पगार परत केलाय का कुणी? अनुभव लिहा

मोगरा_नाशिक:
आज लेकीचा पहिला पगार झाला, तिने स्लिपचा फोटो पाठवला आणि मला एकदम सातपूर एमआयडीसीतलं माझं पगाराचं पाकीट आठवलं. २००१ साल. खाकी पाकीट, वर नाव, आत नोटा आणि चिठ्ठी. आमच्याकडे एकाच आडनावाच्या दोघी, मी पॅकिंगला आणि त्या जुन्या, क्वालिटीला. त्या महिन्यात मला ११०० रुपये जास्त आले. मी तीन रविवार केले होते, म्हटलं ओव्हरटाइम धरला असेल, चिठ्ठी काही नीट वाचली नाही. जाताना वाण्याची उधारी फेडली, आईचा चष्मा करायला टाकला. सोमवारी कॅशियरकाका मशीनपाशी आले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुझ्या पाकिटात काही जास्त आलंय का गं?" त्या बाईंना कमी पडलेले पैसे काकांनी स्वतःच्या खिशातून भरले होते. माझ्याकडे ३०० उरलेले. ते दिले, बाकीचे महिन्याला २०० करत चार महिन्यांत फेडले. काका वहीत सही घ्यायचे आणि दर वेळी विचारायचे, घरी अडचण नाही ना. शेवटच्या हप्त्याला ते पान फाडून माझ्या हातात दिलं. पण ते चार महिने मी डबा एकटीच खाल्ला, वाटायचं सगळ्या मला चोर समजतायत. आजही लिहिताना घशाशी आलं. तुमच्याबाबतीत असं झालंय का?

खारी_बटर:
ताई 😢 चोर कसली, तुम्ही तर फेडलेत. माझा दोनदा क्रेडिट झाला होता, सकाळी मेसेज बघून नवऱ्याला म्हटलं बोनस आला! दुपारी एचआरचा मेल, दोन दिवसांत परत करा. तोवर होम लोनचा हप्ता आणि पोराची फी दोन्ही गेलेलं, बहिणीकडून घेऊन भरले. कुकर झालाय, नंतर लिहिते

गुरुजी_वडसा:
आमचं प्रकरण सरकारी. गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक होतो, ६ ऑगस्ट २००२ च्या जीआरप्रमाणे आदिवासी भागात एकस्तर वेतनश्रेणी मिळायची, म्हणजे वरच्या पदाचा पगार. त्या भागातून बदली झाली की मूळ श्रेणीवर यायचं. माझी बदली झाली पण ऑफिसने पगार खाली आणलाच नाही, मला काय माहीत, दरमहा जमा होतोय म्हणजे बरोबरच असणार. रिटायरमेंटच्या तोंडावर सेवापुस्तक पडताळणीला गेलं आणि १ लाख ८६ हजारांची वसुली निघाली, ग्रॅच्युइटी अडकली. चूक त्यांची, सही मात्र माझी, कारण सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी जास्त दिलं गेल्यास परत करीन असं हमीपत्र दिलेलं. तेव्हा कोण वाचतं, सगळ्यांनी केल्या म्हणून आपण केल्या.

पेरोलवाली:
गुरुजी, सुप्रीम कोर्टाचा रफीक मसीह निकाल आहे ना, डिसेंबर २०१४ चा. वर्ग तीन-चारचे कर्मचारी, रिटायर झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ चुकून दिलेलं, यांच्याकडून वसुली नाही.

गुरुजी_वडसा:
होय ताई, वकिलांनी तोच दाखवला. पण २०१६ चा जगदेव सिंग निकाल म्हणतो, हमीपत्र दिलं असेल तर वसुली होऊ शकते. दोन सहकारी कोर्टात गेले. माझ्यात तेवढी ताकद नव्हती, मुलीचं लग्न ठरलेलं. कापून घ्या म्हणालो. अजून सलतं.

पाऊसवेडा:
आमच्या बाबांचं एमएससीआयटी, म्हणजे कॉम्प्युटरची परीक्षा. क्लार्क होते, ३१ डिसेंबर २००७ च्या आत पास झाले नाहीत म्हणून इन्क्रिमेंटची वसुली. पन्नाशीत माउस धरायला शिकले हो, हात थरथरायचे. पास झाले त्या दिवशी पेढे वाटले. वसुली थांबली नाही ती नाहीच

पेरोलवाली:
मी हेच काम करते म्हणून कळकळीने सांगते, फोनवर कुणी म्हटलं म्हणून लगेच पैसे पाठवू नका. आकडा कसा आला ते लेखी मागा. परत केल्यावर सुधारलेली स्लिप घ्या, फॉर्म १६ आणि पीएफमध्ये दुरुस्ती झालीय का बघा, नाहीतर न मिळालेल्या पैशांवर टॅक्स बसतो. मार्चच्या आत उरकलं तर सगळंच सोपं. आणि हप्ते मागायला लाजू नका, २०१९ च्या वेतन संहितेतही एका महिन्यातली एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर नेता येत नाही. आमच्याकडून चूक झाली की आम्हालाही झोप लागत नाही हो, मोगराताईंचे काका वाचून रडले मी

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत त्याच कॅलेंडर वर्षात परत केलं तर हातात आलेलं नेट द्यायचं, वर्ष उलटलं तर टॅक्ससकट ग्रॉस! माझं डिसेंबरात लक्षात आलं, ३० तारखेला धावत जाऊन चेक दिला.

खारी_बटर:
आले परत. मोगराताई, चष्म्याचं काय झालं? आईंना मिळाला ना?

मोगरा_नाशिक:
मिळाला गं. जाड काड्यांचा. शेवटपर्यंत तोच वापरला, काच तेवढी बदलली. कितीदा म्हटलं नवा करू, ऐकायचीच नाही.

सातपूरकर७२:
ताई तुमची कंपनी आयटीआय सिग्नलच्या अलीकडे की पलीकडे? माझी बहीण पॅकिंगला होती, २००१ लाच.

मोगरा_नाशिक:
अलीकडे! गेटसमोर वडापावची गाडी होती बघा. बहिणीला विचारा, दुपारच्या शिफ्टला होत्या का त्या?